इंग्लंडमध्ये माळीकाम: छाटलेला पाला व्हॅनमधून न्यायला कोणतं रजिस्ट्रेशन?

नवा_माळी
रीडिंगमध्ये लोकांच्या बागांची कामं घेतोय. गवत कापणं, झुडपांची छाटणी, तण काढणं, एवढंच. पाला माझ्याच व्हॅनमधून नेणार. कचरा वाहून नेण्याच्या रजिस्ट्रेशनचा लोअर टियर, म्हणजे खालचा प्रकार, पुरेल का? आणि कौन्सिलच्या टिपवर, म्हणजे घरचा कचरा टाकायच्या केंद्रावर, टाकता येईल ना? घरांतलाच तर कचरा आहे.

कात्रीवाला
पुरेल. झुडूप तुम्ही छाटलंत म्हणजे कचरा तुमचा, आणि आपला कचरा आपणच नेणाऱ्याला लोअर टियर चालतं. एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे ऑनलाइन नोंदवा. फुकट आहे, मुदतही संपत नाही.

गोची पुढे होते. ग्राहक म्हणतो, "कोपऱ्यातला तो जुना ढीगही न्या की!" तो त्याचा कचरा, तुम्ही नुसते वाहतूकदार. त्याला अपर टियर हवं. शेड पाडली, फरशी उखडली तर ते बांधकामाचं डेब्रिस; तुम्हीच पाडलेलं असलं तरी अपर टियरच. त्याला फी पडते, दर 3 वर्षांनी नूतनीकरण. असली कामं नाकारणं जमणार नसेल तर सरळ तेच काढा, मग लोअर वेगळं लागत नाही.

खतखड्डा
टिपचं विसरा. पैसे घेऊन केलेल्या कामाचा पाला व्यावसायिक कचरा ठरतो, बाग कुणाच्याही घरची असो. परवाना असलेली कंपोस्टिंग साइट गाठा, किंवा व्यावसायिक कचरा पैसे घेऊन उतरवून घेणारं कौन्सिलचं केंद्र.

माल उतरवताना वेस्ट ट्रान्स्फर नोट, म्हणजे कचरा सोपवल्याची नोंद, हवी: देणारा-घेणारा दोघांची नावं-पत्ते, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर, जागा, तारीख, वर्णन, प्रमाण, बागेच्या कचऱ्याचा कोड 20 02 01, सह्या. ती 2 वर्षं जपा. एकाच साइटवर तसलाच माल नेहमी जाणार असेल तर 12 महिन्यांपर्यंतची एकच नोट चालते. पाल्यात प्लास्टिकच्या कुंड्या, सुतळी, विटांचे तुकडे निघाले की अख्खी खेप परत पाठवतात, नाहीतर मिश्र कचऱ्याचा दर लावतात. म्हणून गाडी भरतानाच निवडा.

स्वतःच्या जागेत कंपोस्ट करायचं असेल तर टी-23 सवलत (परवान्याशिवाय कंपोस्ट करायची मुभा) नोंदवा. बाहेरून आणलेला माल एका वेळी 60 टनांपर्यंत. नुसतं ओलं गवत रचू नका, हवा न मिळून चिकट होतं आणि शेजारी वासाची तक्रार करतात. मधे मधे बारीक केलेल्या फांद्यांचे थर द्या.

कात्रीवाला
एक राहिलं. जपानी नॉटवीड (झपाट्याने पसरणारं तण) दिसलं तर पाल्यात मिसळू नका. मुळाच्या नखाएवढ्या तुकड्यातूनही ते उगवतं, कंपोस्टवाले घेत नाहीत. ते घेण्याचा परवाना असलेल्या लँडफिलला आधी कळवून, गाडी नीट झाकूनच न्यावं लागतं. आणि वेल्समध्ये काम मिळालं तर तिथली यंत्रणा वेगळी, नॅचरल रिसोर्सेस वेल्स. स्कॉटलंडमध्ये सेपा.