मदत हवी आहे : स्मारक नाणी, चांदीची की नुसती चकाकणारी?

मामांच्या संग्रहातली काही परदेशी स्मारक नाणी माझ्याकडे आली आहेत. विकायची घाई नाही, पण आहे काय ते कळायला हवं.

मुख्य घोळ ब्रिटनच्या १९७७ च्या राणीच्या रौप्यमहोत्सवी क्राउनचा (क्राउन म्हणजे तिथलं मोठ्या आकाराचं नाणं). हे नाणं तांबं-निकेलमध्ये भरमसाट निघालं आणि ९२५ चांदीत (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) प्रूफही, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकाकीने पाडलेलं, निघालं. गंमत म्हणजे दोन्हींचं वजन २८.२८ ग्रॅमच, त्यामुळे नुसता काटा काही सांगत नाही. म्हणून काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवला, काटा शून्यावर आणला आणि नाणं दोऱ्याने तळाला न टेकवता बुडवलं. काटा २.७ ग्रॅमवर थांबला. म्हणजे घनता (२८.२८ भागिले २.७) साधारण १०.५; तांबं-निकेल असतं तर ३.१ च्या पुढे गेला असता. माझ्या मते चांदीच. ही चाचणी पुरेशी मानायची का?

दुसरं, एक छोटं सोनेरी नाणं. त्यावर दर्शनी किंमतच नाही, कडेला फक्त ९०० चा (म्हणजे ९० टक्के सोन्याचा) शिक्का. मग ते नाणं नसून पदक धरायचं का? आणि पदकाला संग्राहक सोन्याच्या भावापेक्षा जास्त देतात का?

क्राउनवर काळपट निळसर थर चढलाय. घरचे पॉलिश करा म्हणून मागे लागलेत, मी हात लावू दिलेला नाही! मूळ डबी आहे, प्रमाणपत्र मात्र हरवलंय. त्याने किंमत कितपत उतरते?

जाणकारांनी कृपया सांगावं. फोटो कमेंटमध्ये टाकतो, कडेचेसुद्धा.