कूलरच्या शाफ्टवर पंखा जाम: हातोडी नको, पुलर लावा

कूलरचा पंखा मोटरच्या शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) जाम होऊन निघत नसेल तर शाफ्टच्या टोकावर हातोडीने ठोका, असं काही जण सुचवतात. कृपया नको. शाफ्ट जरासा वाकला तरी पंखा थरथरतो, बुश (शाफ्टला आधार देणारी कडी) झिजतो आणि मोटर गेलीच समजा.

आपल्या नागपुरात पावसाळा लागला की कूलर गच्चीवर पडून राहतो, त्यात बोअरचं जड पाणी. पंख्याचा हब (शाफ्टवर बसणारा मधला भाग) ॲल्युमिनियमचा, शाफ्ट लोखंडी. ओल आणि क्षारांमुळे मध्ये पांढरी पूड धरते, दोन्ही चिकटतात.

आधी प्लग काढा. ग्रब स्क्रूच्या (हब शाफ्टवर आवळणाऱ्या बारीक स्क्रूच्या) खाचेतली घाण सुईने कोरा, नाहीतर ॲलन की (षटकोनी चावी) घसरून खाच गोल होते. स्क्रू पूर्ण बाहेर काढा. शाफ्टचा उघडा भाग एमरी पेपरने चकचकीत घासा. हे बहुतेक जण विसरतात, मग हब निम्म्यात अडकतो. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवा.

तरीही हलत नसेल तर तेल पुसून फक्त हब हीट गनने तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. गरम असतानाच दोन पायांचा पुलर (मधला स्क्रू शाफ्टवर दाबून हब ओढून काढणारं साधन) लावा, पकड हबच्या मागे, पात्यांवर नाही.

पंखा प्लास्टिकचा असेल तर तापवू नका. सरळ हब कापा, नवा पंखा मोटरपेक्षा स्वस्त पडतो.