मेंदूतल्या रक्तस्रावानंतर आता बीपी मुद्दाम वाढवताहेत. असं का?

ताई (वय ५२) नऊ दिवस आयसीयूत आहे. सबअरॅक्नॉइड हॅमरेज, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणाखाली रक्तस्राव. धमनीवरचा फुगा फुटला होता, दुसऱ्याच दिवशी जांघेतून नळी घालून कॉइलने (बारीक तारेच्या वेटोळ्याने) तो बंद केला. नंतर शुद्धीवर होती, माझ्यावर नेहमीसारखी खेकसलीसुद्धा, तेव्हा कुठे हायसं वाटलं.

काल सकाळपासून मात्र शब्द अडखळताहेत, उजवा हात ढिला पडलाय. आमचं धाबंच दणाणलं, पण सीटीत नवं रक्त नाही. डॉक्टर म्हणाले व्हॅजोस्पाझम, धमन्या आवळल्यात, आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन लावून बीपी १८० वर नेलं. पहिल्या दिवशी हेच लोक बीपी उतरवायला धडपडत होते! त्यात दर चार तासांनी निमोडिपिन, तेही बीपी उतरवणारंच. मला काही उलगडत नाहीये. कुणी यातून गेलंय का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद १
न्यूरो आयसीयूत काम करते. ताईंना पाहिलेलं नाही, हे धरून वाचा.

फुगा उघडा असताना बीपी चढलं तर तो पुन्हा फुटू शकतो, म्हणून तेव्हा खाली. आता तो बंद आहे. सांडलेलं रक्त विघटित होताना धमन्या आकसतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन आठवडे हा धोका, सातव्या ते दहाव्या दिवशी सर्वांत जास्त. अरुंद धमनीतून पलीकडे रक्त पोचवायचं तर मागून जोर हवा. (मोठ्या चाचणीत हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही, पण हात हलायला लागलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.)

निमोडिपिनची गंमत अशी की अँजिओग्राफीत धमनी फारशी सैल दिसत नाही, तरी रुग्ण जास्त बरे होतात. म्हणून २१ दिवस. बीपी फार पडलं तर ६० मिग्रॅ दर चार तासांऐवजी ३० दर दोन तासांनी देतात.

एवढंच विचारा: बीपी वाढवून फरक पडला का? नसेल तर अँजिओग्राफी कधी? धमनीत थेट औषध सोडता येतं, बलूनने रुंदावताही येते, पण पेशी मेल्यावर नाही.

धागाकर्ती
आत्ताच विचारून आले. बोटं हलवतेय, बोलणं तसंच. दुपारी अँजिओग्राफीला नेताहेत. रक्तातलं सोडियम कमी, १२९ आलंय, मग पाणी कमी द्यायचं का?

प्रतिसाद १
नको! या आजारात पाणी तोडलं तर रक्तपुरवठा आणखी घटतो. मीठ देऊन सोडियम वर आणतात. अँजिओनंतर कळवा.