हिमालयातला बर्फ हवामान प्रारूपात कसा मांडावा?

हिमरेषा: दक्षिण आशियासाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या पुढाकाराने जी प्रादेशिक प्रारूपे (हवामानाची संगणकी मॉडेल्स) चालवली गेली, त्यांत जमिनीचा एक चौकोन साधारण ५० किलोमीटरचा असतो. हिमाचलात सतलजच्या खोऱ्यातल्या स्पितीत एवढ्या अंतरात ३००० मीटरवरची दरी आणि ६००० मीटरवरचे शिखर दोन्ही येतात, पण प्रारूपाला त्यांची एकच सरासरी उंची ठाऊक असते. उंचीच्या दर किलोमीटरमागे तापमान साडेसहा अंशांनी उतरते असे धरले तर दोन टोकांत जवळपास २० अंशांचा फरक पडतो. दरीतला बर्फ वाहून गेला तरी शिखरावरचा गोठलेलाच राहतो, आणि प्रारूपात मात्र सगळा चौकोन एकदमच वितळतो. उंचीचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यात ऊर्जेचा हिशेब, म्हणजे बर्फाला मिळणारी आणि त्याने गमावलेली उष्णता, वेगळा मांडल्याशिवाय सतलजच्या उन्हाळी पाण्याच्या अंदाजांवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे.

जलमापक: पट्टे मान्य, ऊर्जेचा हिशेब नाही. त्याला वारा, आर्द्रता, ढग, प्रारण (ऊन आणि उष्णतेचे किरण) सगळेच लागते, आणि ४००० मीटरवर ते मोजणारी केंद्रे अगदी मोजकी आहेत. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने हिमाचलात ‘हिमांश’ हे केंद्र उभारले तेच २०१६ साली. तोवर शून्यावरच्या प्रत्येक अंशामागे दिवसाला अमुक मिलिमीटर पाणी, हा जुना अंश-दिवस गुणकच बरा. तो चुकला तर कुठे चुकला ते तरी कळते.

हिमरेषा: पण तो गुणक मागच्या नोंदींवरून बसवलेला आहे आणि आपण तो २०८० साठी वापरणार. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून अधिक ऊन परतवतो, जुना मळका बर्फ जेमतेम निम्मे. एप्रिलच्या दुपारी वरचा थर पाझरू लागला की हिवाळाभर थराथरांत दबलेली धूळ वर साचते, बर्फ तपकिरी होतो आणि हवेचे तापमान तेवढेच असूनही वितळण्याचा वेग वाढतो. आपल्या गुणकाला यातले काहीच दिसत नाही.

पश्चिमवारा: वितळण्याआधी बर्फ पडला किती, हे कोण सांगणार? पश्चिमी विक्षोभांत, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांत, पडणारा बर्फ वाऱ्यामुळे हिममापकाच्या तोंडावरूनच निसटतो. उपग्रह पांढरे क्षेत्र नेमके दाखवतो, पण वीतभर थर आणि पुरुषभर थर त्याच्या चित्रात सारखेच पांढरे.

जलमापक: म्हणून तर मी सतलजवरच्या भाक्रा धरणात मे-जूनमध्ये येणाऱ्या पाण्याशी ताळा घ्या म्हणतो.

हिमरेषा: तो ताळाही फसवतो. बर्फ कमी पडलेला धरून गुणक वाढवला, तरी मे-जूनचा आकडा जुळतो. तूट उघडी पडते ती जुलैत, वरचे पट्टे वेळेआधी रिकामे झाल्यावर.