लॉबीत टांगलेलं अमूर्त शिल्प नेमकं कशासाठी असतं?

प्रश्न
आमच्या ऑफिसची लॉबी तीन मजले उंच आहे आणि छतापासून खाली पितळी पट्ट्यांचं एक शिल्प टांगलंय. सहा महिने रोज त्याच्याखालून जाते. पुतळा असला की कोणाचा ते कळतं. इथे ना आकृती, ना नावाची पाटी. मनापासून विचारतेय: यात बघायचं काय? काही अर्थ असतो, की रिकामी जागा भरायची म्हणून लावतात?

उत्तर १ (वास्तुरचनाकार)
अर्थ सध्या राहू द्या. आत शिरताना तुमची नजर कुठे जाते ते बघा. एवढ्या उंच पोकळीत डोळ्याला टेकायला काही नसलं, तर उंची जाणवतच नाही. मधे काही लटकलं की ती मोजता येते. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या पूर्व इमारतीत अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं प्रचंड मोबाइल, म्हणजे टांगलेलं, हलणारं शिल्प आहे. मोटर नाही, हवेच्या झुळकीवर ते सावकाश फिरतं. वास्तुकार आय. एम. पेईंची ती इमारत कोनाकोनांची, कडक दगडी. हलणारी गोष्ट तेवढी हीच.

काल्डरचंच दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. व्हेनेझुएलातल्या काराकासच्या विद्यापीठातलं आउला माग्ना सभागृह, १९५३. वास्तुकार व्हियानुएवा. तिथल्या छताखालचे आणि भिंतींवरचे रंगीत 'ढग' शिल्प तर आहेतच, पण सभागृहातला आवाज नीट पोहोचावा म्हणून ध्वनितज्ज्ञांबरोबर बसून ठरवलेले आहेत. ते काढले तर सभागृहात नीट ऐकूच येणार नाही. शिल्प आणि वास्तू इतकी एकजीव झालेली क्वचितच दिसतात.

उत्तर २
उलट बाजूही सांगते. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझात शिल्पकार रिचर्ड सेराची पोलादी भिंत १९८१ मध्ये उभी राहिली, सुमारे ३६ मीटर लांब. चौक ओलांडणाऱ्याला वळसा पडायचा, आणि सेराला तेच हवं होतं: चालताना जागेची जाणीव व्हावी. तिथे काम करणाऱ्या अनेकांना ते सहन होईना. वाद सुनावणीपर्यंत गेला आणि १९८९ मध्ये भिंत हटवली. मला सेराचं काम फार आवडतं, तरी रोजच्या वाटेवरच्या माणसाला आधी विचारायला हवं होतं असंच वाटतं.

प्रश्नकर्ती
आज मुद्दाम जिन्याने गेले. खालून विस्कटलेल्या दिसणाऱ्या पट्ट्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्यापाशी एका तिरक्या रेषेत येतात, आणि ती रेष जिन्याच्या उताराला समांतर आहे! लिफ्टने जाणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही. तिसऱ्या मजल्यावरून मात्र पट्ट्यांवर साचलेली धूळ दिसली. ती पुसतात कशी?

उत्तर १
हे खरं तर आराखड्यातच ठरवावं लागतं. शिल्प खाली उतरवायला छतात विंच (दोर गुंडाळून वजन वर-खाली करणारं यंत्र) बसवलाय का, देखभाल विभागाला विचारा. नसेल तर दर वेळी परांची बांधावी लागते, आणि मग ते काम वर्षानुवर्षं पुढे ढकललं जातं.