शब्द हवा: सेमीमेटल, आणि त्यावरचा 'कंस'

निळीशाई: टँटलम आर्सेनाइडवरचा एक लेख मराठीत आणतेय. २०१५ मध्ये वाइल फर्मिऑन, म्हणजे वस्तुमान नसल्यासारखे वागणारे इलेक्ट्रॉन, सापडले ते याच स्फटिकात. सेमीमेटलला 'अर्धधातू' लिहून मोकळी झाले, तर संपादकांनी समासात भलंमोठं प्रश्नचिन्ह काढून पान परत पाठवलं. 'सरफेस स्टेट'ही (इलेक्ट्रॉनची पृष्ठभागापुरती असलेली स्थिती) अडलाय.

खडूमास्तर: प्रश्नचिन्ह बरोबर आहे. 'अर्धधातू' हाफ-मेटलसाठी राखून ठेवा. तिथे एका स्पिनचे (अंगभूत फिरकीचे) इलेक्ट्रॉन धातूसारखे वाहतात, दुसऱ्या स्पिनचे अडून बसतात. म्हणजे खरोखरच अर्धा धातू. सेमीमेटलची गोष्ट निराळी. त्यात दोन ऊर्जापट्टे, म्हणजे इलेक्ट्रॉनना मुभा असलेल्या ऊर्जांचे पट्टे, एकमेकांना जेमतेम टेकतात, किंवा बिस्मथसारखे किंचित एकमेकांत शिरतात. आपल्याकडे 'निम' आहे की! निमसरकारी, निमशहरी, तसं निमधातू. निमसरकारी कचेरीची अर्धी इमारत सरकारची, असं कोणी समजत नाही.

चहाटळ: मग अर्धवाहक बदलणार का? आणि शाळेतलं 'धातुसदृश' का नको?

खडूमास्तर: अर्धवाहक रुळलाय, राहू द्या, तिथे दुसरा दावेदार नव्हता. धातुसदृश म्हणजे रसायनशास्त्रातले सिलिकॉन, जर्मेनियम. ते तर अर्धवाहक, इथे गल्लत होईल.

'स्टेट'ला 'अवस्था' नको. घन-द्रव-वायू डोक्यात असलेल्या वाचकाला पृष्ठभाग वितळला असं वाटेल. 'पृष्ठस्थिती' चालेल. फक्त तुमचा स्फटिक टोपॉलॉजिकल सेमीमेटल; टोपॉलॉजीला (ताणलं-वाकवलं तरी न बदलणाऱ्या गुणधर्मांच्या गणिताला) 'संस्थितिविज्ञान' घेतलंत, तर 'संस्थितिक निमधातूंतील पृष्ठस्थिती' होतं. कीर्तनात खपेल, लेखात नाही. टोपॉलॉजिकलच ठेवा.

निळीशाई: आणि 'फर्मी आर्क'? कंस लिहिलं तर कृष्णाचा मामा आठवतो.

खडूमास्तर: दहावीच्या भूमितीतले लघुकंस-विशालकंस विसरलात? कंसच लिहा, इथे तो नेमका बसतो. एवढं मात्र लेखात स्पष्ट करा, की हा कंस स्फटिकावर भिंगातून दिसत नाही. पृष्ठभागावर अतिनील प्रकाश टाकायचा, बाहेर उडणारे इलेक्ट्रॉन कुठल्या कोनात, किती ऊर्जेनं निघाले ते मोजायचं, आणि त्यावरून संवेगाचा नकाशा काढायचा. कंस उमटतो तो त्या नकाशावर.

एरवी अशा नकाशात पृष्ठस्थितींची रेषा फिरून स्वतःला येऊन मिळते. इथे ती मध्येच संपते. स्फटिकाच्या आत ते दोन पट्टे जिथे टेकतात ते वाइल बिंदू; ते उजव्या-डाव्या हातांसारखे दोन प्रकारचे असतात. कंसाचं एक टोक उजव्या प्रकारच्या बिंदूच्या पृष्ठभागावरच्या सावलीवर, दुसरं डाव्याच्या. भौतिकशास्त्रज्ञ अश्विन विश्वनाथ आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पायरोक्लोर इरिडेटांबद्दल (ही इरिडियमची ऑक्साइडं) हेच भाकीत केलं होतं. उरलेली वाट समोरच्या पृष्ठभागावरचा कंस पुरी करतो.

चहाटळ: म्हणजे लिखाणातल्यासारखंच. एक कंस उघडला की दुसरा हवाच!

निळीशाई: हे वाक्य मी उचलतेय. संपादकांना कृष्णाचा मामा आठवलाच, तर मास्तरांकडे पाठवीन.