इंटरव्ह्यूत 'मूल कधी?' विचारलं आणि निकालात एनएफएस, पुढे काय करता येतं?

निळीशाई
केंद्रीय विद्यापीठ आहे, नाव लिहीत नाही. असिस्टंट प्रोफेसरची ओबीसी राखीव जागा. नेटची पात्रता परीक्षा, पीएचडी, पेपर सगळं आहे, शॉर्टलिस्टमध्येही वर होते. इंटरव्ह्यूत विषयावर दोन-तीन प्रश्न झाले आणि मग एक सर म्हणाले, लग्न झालंय ना, मग जॉइन झाल्या झाल्या मॅटर्निटी लीव्ह टाकणार का, म्हणजे आम्ही परत गेस्ट फॅकल्टी शोधायची? सगळे हसले, बोर्डात एक मॅडम होत्या त्यापण. मी कसंबसं 'त्याचा इथे संबंध नाही सर' म्हटलं. निकालाच्या पीडीएफमध्ये त्या जागेपुढे एनएफएस, म्हणजे नॉट फाउंड सूटेबल. आलेल्यांपैकी एकही लायक नाही! घरचे म्हणतात सोडून दे, नाव खराब होईल. हा भेदभाव धरतात का? आणि सगळं सिलेक्शन फक्त इंटरव्ह्यूवर, हे तरी नियमात बसतं का?

रोस्टरवाला
ताई, शेवटचं आधी. बसतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या रेग्युलेशनमध्ये असिस्टंट प्रोफेसरसाठी ॲकॅडमिक स्कोअर फक्त शॉर्टलिस्टपुरता, इंटरव्ह्यूला बोलावलं की पाटी कोरी. मला हा नियम अजिबात पटत नाही, पण तुम्ही त्याच नियमाखाली फॉर्म भरलाय त्यामुळे आता नियमच चुकीचा म्हणून भांडलात तर पहिल्याच तारखेला ऐकवतील की मग इंटरव्ह्यूला बसलात कशाला. भांडण 'नियम पाळला का' यावर ठेवा.

मॅटर्निटीच्या प्रश्नाचं म्हणाल तर घटनेच्या कलम 16(2) मध्ये सरकारी नोकरीत लिंगावरून भेदभाव नको असं स्पष्ट आहे. एलआयसीची जुनी केस आहे, 1991 ची. नोकरीच्या फॉर्ममध्ये पाळी कधी येते, गरोदरपणं किती झाली असले रकाने होते आणि ती माहिती लपवली म्हणून प्रोबेशनवरच्या बाईंना काढलं. सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकानेच काढून टाकायला सांगितले. फॉर्मवर जे छापायची सोय नाही ते तोंडी विचारलं की चालतं असं थोडीच आहे!

आज एक काम करा. कोण काय बोललं, कोणत्या क्रमाने, तुम्ही काय उत्तर दिलं, सगळं आठवतंय तसं लिहून रजिस्ट्रारला मेल टाका आणि कॉपी ओबीसी सेलच्या लायझन ऑफिसरला, म्हणजे आरक्षणाच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला. कमिटीच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, तो प्रश्न कधीच सापडणार नाही, तुमचा तारखेसकट मेल हाच काय तो कागद.

फाइलबंद
मी एक्स्टर्नल एक्स्पर्ट म्हणून बऱ्याच कमिट्यांवर बसलोय, म्हणून आतली गोष्ट सांगतो. प्रत्येकाला एक तक्ता देतात, नावं आणि मार्कांचे रकाने. काही ठिकाणी हळूच सांगतात की सध्या पेन्सिलने भरा, शेवटी चर्चा करून पेनाने करू. ती 'चर्चा' म्हणजे काय ते समजून घ्या. एनएफएस दर वेळी लबाडीच असते असं नाही, खरंच कोणी उभं राहू शकलं नाही असंही मी पाहिलंय, पण तेव्हा निदान दोन ओळी कारण लिहायला काय जातं? बहुतेक वेळा फक्त शिक्का.

आरटीआयमध्ये मेंबरांची नावं मागत बसू नका, 2012 च्या बिहार पीएससीच्या (लोकसेवा आयोग) केसनंतर इंटरव्ह्यू बोर्डाची नावं नाकारायला त्यांना कारण मिळालंय. स्वतःचे मार्क, प्रत्येक मेंबरने दिलेले वेगवेगळे, किती मार्कांच्या खाली एनएफएस धरायचं ते कधी ठरलं, आणि कमिटीत ओबीसी प्रतिनिधी होता का, हे मागा. कट-ऑफचं 'कधी' फार महत्त्वाचं आहे. इंटरव्ह्यू झाल्यावर किमान मार्क ठरवले असतील तर खेळ सुरू झाल्यावर नियम बदलल्यासारखं होतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये परत तेच सांगितलंय.

चहागार
सर, उगाच आशा लावू नका हो त्यांना. कोर्ट म्हणतं तज्ज्ञांच्या मार्कांत आम्ही पडत नाही, विषय संपला. वर्षं जातात आणि मग हीच बाई सगळीकडे 'केस करणारी' म्हणून ओळखली जाते. मी हे जवळून पाहिलंय.

रोस्टरवाला
@चहागार मार्कांत पडत नाही हे खरंय, पण कमिटीची रचना चुकली तर पडतं. त्याच 2018 च्या रेग्युलेशनमध्ये आहे की एससी, एसटी, ओबीसी, अल्पसंख्याक, महिला, दिव्यांग यांपैकी कोणी उमेदवार असेल आणि कमिटीत त्या गटाचं कोणी नसेल तर कुलगुरूंनी त्या गटातला ॲकॅडमिक नेमायचा. मॅडम होत्या म्हणजे महिलेचा रकाना भरला, ओबीसीचा भरला का? ते बघायचंय. आणि कोर्टाच्या आधी राष्ट्रीय मागासवर्ग आयोग आहे, 2018 पासून घटनात्मक दर्जा आहे, तक्रारीच्या चौकशीत रेकॉर्ड मागवताना सिव्हिल कोर्टाचे अधिकार आहेत. तिथून पत्र आलं की रजिस्ट्रार ऑफिसला फाइल सापडते. बदनामीचं मात्र तुमचं बरोबर आहे, ते मी नाकारत नाही.

अर्धीरजा
थोडं अवांतर, पण कॉन्ट्रॅक्टवरच्या मैत्रिणींनी वाचा. मलापण 'टर्म संपतेय, मग कसली रजा' असंच सांगितलं होतं. ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली तरी मॅटर्निटीचे फायदे पूर्ण काळाचे द्यायचे. 26 आठवडे हे कायद्यात आहे, हेडच्या मर्जीत नाही.

निळीशाई
सगळ्यांचे आभार, मेल टाकला. एकच विचारायचंय, ही जागा आता ओपनमध्ये जाईल का? आणि परत जाहिरात आली तर फॉर्म भरू की केस कमजोर होईल?

रोस्टरवाला
ओपनमध्ये जात नाही. जानेवारी 2024 मध्ये यूजीसीच्या मसुद्यात तशी वाट दिसली होती, केवढी बोंबाबोंब झाली, मग मंत्रालयाने सांगितलं एकही जागा अनारक्षित होणार नाही. जाहिरात राखीव म्हणूनच यायला हवी, आली की रोस्टरशी, म्हणजे कोणती जागा कोणत्या गटाला त्या तक्त्याशी, ताडून बघा. फॉर्म भराच, सोबत एक पत्र जोडा की आधीच्या निवडीबद्दलची तक्रार कायम ठेवून अर्ज करतेय. पोचपावती सोडू नका. आणि ओबीसी नॉन-क्रीमीलेअर सर्टिफिकेट केंद्राच्या नमुन्यातलं आणि जाहिरातीत दिलेल्या तारखेला चालणारं आहे ना ते आत्ताच बघून ठेवा, त्यावरून बाद करणं सगळ्यात सोपं असतं.